होलच्या आधी टी

भांडण स्क्रॅबलवरून झालं. माझी भाची ग्लासगोला असते, फिजिओथेरपिस्ट आहे, सहा वर्षं झाली तिला तिकडे. आम्ही दोघी फोनवर स्क्रॅबल, म्हणजे अक्षरं जुळवून इंग्लिश शब्द लावायचा खेळ, खेळतो आणि आमचा एकेक डाव दोन-दोन दिवस चालतो, कारण ती कामावरून सुटते तेव्हा मी झोपायला आलेली असते आणि मी सकाळी कुकर लावते तेव्हा ती गाढ झोपेत. तर मी एका कोपऱ्यात मोठ्या कष्टानं 'होल' लावला होता, साधा भोक या अर्थाचा, आणि या बाईसाहेबांनी त्याच्या आधी एक टी चिकटवला आणि आठ पॉइंट घेऊन मोकळ्या. थोल. मी लगेच मेसेज केला की हा काय शब्द आहे, काहीही लावायचं आणि ॲपनं घेतलं की झालं का? तर म्हणे मावशी, डिक्शनरी बघ.

बघितली. पहिला अर्थ निघाला होडीच्या काठावरची खुंटी, जिच्या आधारानं वल्हं फिरवतात ती. म्हटलं चला, ठीक आहे, असेल, होड्यांचे शब्द मला कुठे माहीत असणार, हरले. तसं तिला लिहिलं तर तिचा थेट फोनच आला, हसत होती, म्हणाली अगं ती खुंटी वेगळी, तो शब्दच वेगळा आहे, नुसतं स्पेलिंग सारखं. मी लावला तो माझ्या पेशंटांचा शब्द आहे, मी रोज ऐकते.

मग तिनं जे सांगितलं त्यामुळे मी गेले तीन आठवडे या एका शब्दामागे लागलेय, घरच्यांना वैताग आलाय, आणि म्हणून शेवटी इथे लिहितेय.

झालं असं की दुखणं मोजायची त्यांची पद्धत आपल्याकडेही आता आलीय तीच, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. ही विचारते, आजोबा, खांदा किती दुखतोय, दहापैकी सांगा. आणि म्हातारी माणसं, सत्तरी-ऐंशीतली, आकडा सांगतच नाहीत. म्हणतात, 'इट्स थोलेबल'. झालं. आता तिनं फॉर्मवर काय लिहायचं, तीन की आठ? कारण एकाचं थोलेबल खरंच तीन असतं आणि दुसऱ्याचं आठ असतं, तो आठवर सुद्धा बागेत जाऊन खणत असतो. आणि ज्या दिवशी तो म्हणतो की 'आय कॅने थोल इट', कॅने म्हणजे कॅनॉट, त्या दिवशी समजायचं की हा माणूस चार महिने उशिरा आलाय.

मला एकदम आमची आजी आठवली. रत्नागिरीकडे आमचं आजोळ, आजीचे गुडघे गेलेले, डॉक्टर विचारायचे किती दुखतं हो, आणि ती पदर सारखा करत म्हणायची, सोसवतंय. कधीच जास्त नाही, कधीच कमी नाही, कायम सोसवतंय. डॉक्टर माझ्या आईकडे बघायचे, आई माझ्याकडे, आणि गोळ्या त्याच.

थोल म्हणजे सोसणे. इतकं सरळ आहे ते. आणि हे कबूल करायला मला जरा जड जातंय, कारण मी आजवर निदान पन्नास लोकांना तरी ऐकवलं असेल की आपल्या सोसण्याला इंग्लिशमध्ये शब्दच नाही. एंड्युअर म्हटलं की मॅरेथॉन पळणारा डोळ्यासमोर येतो, सफर म्हटलं की नुसता बिचारा, बेअर म्हटलं की अस्वल (गंमत करतेय, पण खरंच आधी अस्वलच येतं), आणि टॉलरेट मध्ये तर एक प्रकारचा वरचढपणा आहे, म्हणजे जो टॉलरेट करतो त्याच्या हातात काहीतरी असतं, तो मनात आणलं तर करणार नाही. सोसणाऱ्याच्या हातात काही नसतं. नवरा गेला, पीक गेलं, थंडी पडली, पाठ धरली, यात टॉलरेट काय करणार? तर हे माझं ठरलेलं भाषण होतं, हळदीकुंकवापासून गटगपर्यंत, म्हणजे गेट-टुगेदरपर्यंत, सगळीकडे दिलेलं, आणि ते इंग्लिशवर अन्याय करणारं होतं, कारण इंग्लिशकडे शब्द होता, चांगला हजार वर्षं जुना घरचा शब्द होता, लंडनवाल्यांनी तो टाकून दिला आणि उत्तरेकडच्यांनी ठेवला, एवढंच.

जुन्या इंग्लिशमध्ये तो 'थोलियन' होता. बेवुल्फ नावाचं त्यांचं जे जुनं महाकाव्य आहे त्यात येतो. मग चौदाव्या शतकात चॉसर नावाचा कवी, म्हणजे लंडनचाच माणूस, त्याच्या एका गोष्टीत एक गाडीवान आहे, त्याची गवताची गाडी चिखलात रुतलीय, घोडे हलत नाहीयेत आणि तो त्यांना शिव्या घालतोय की सैतान तुम्हाला घेऊन जावो, तुमच्यापायी मी काय काय थोललंय. हे मला फार आवडलं, कारण इथे तो शब्द कुणा संताच्या किंवा राजाच्या तोंडी नाहीये, चिखलात उभ्या असलेल्या वैतागलेल्या गाडीवानाच्या तोंडी आहे. आपल्याकडचा बैलगाडीवालाही अगदी हेच म्हणाला असता, तुमच्यापायी काय काय सोसलं रे माझ्या जिवानं.

नंतर दक्षिणेत तो विरत गेला. सोळाव्या शतकात लॅटिनमधून टॉलरेट आला, एंड्युअर तर फ्रेंचमार्गे आधीच येऊन बसला होता, शिकलेल्या लोकांना हे पाहुणे जास्त भारदस्त वाटले असणार, आपल्याकडे नाही का 'जेवण' म्हणायच्या जागी 'भोजन' म्हटलं की पंगत मोठी वाटते, तसं. स्कॉटलंड, इंग्लंडचा उत्तरेकडचा पट्टा आणि आयर्लंडचा अल्स्टर भाग इथे मात्र राहिला. अल्स्टरला तो स्कॉटिश लोकांबरोबर गेला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे त्यांची वसाहत बसवली तेव्हा. शेमस हीनी, नोबेल मिळालेला कवी, तो मूळचा तिकडचाच. त्यानं बेवुल्फचं भाषांतर केलं, 1999 साली आलं ते, आणि प्रस्तावनेत त्यानं लिहिलंय की जुन्या इंग्लिशच्या शब्दसूचीत हा शब्द आधी त्याला परकाच वाटला, त्याचं पहिलं अक्षरच विचित्र, आणि मग एकदम पेटला दिवा, की अरे हा तर माझ्या आत्याचा शब्द. की मावशीचा, इंग्लिशमध्ये काय कळणार, आंट सगळ्यांना एकच! कुणाच्या घरात अचानक कुणी गेलं की ती म्हणायची, आता त्यांना थोलायला शिकावं लागेल. म्हणजे ज्याला आपण कमी शिकलेल्यांचं गावठी बोलणं समजत होतो ते थेट महाकाव्यातलं निघालं.

ते विचित्र अक्षर म्हणजे थॉर्न. आपल्या थ सारखा पण जीभ दातांमध्ये घालून काढायचा जो उच्चार आहे त्याच्यासाठी त्यांच्याकडे पूर्वी एक आख्खं स्वतंत्र अक्षर होतं. छपाई आली, परदेशातून आणलेल्या खिळ्यांमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ठशांमध्ये, ते अक्षर नव्हतं, मग त्याच्या जागी वाय लावायला लागले. त्या जुन्या वाटाव्यात म्हणून केलेल्या पाट्यांवर 'यी ओल्ड' अमुकतमुक लिहितात ना, तो यी नाहीच, तो 'द' च आहे. असो, हे विषयाबाहेर गेलं.

आता बर्न्स. रॉबर्ट बर्न्स, स्कॉटलंडचा कवी, त्याची उंदरावरची कविता बहुतेकांना निदान ऐकून माहीत असते, 1785 सालातली, नोव्हेंबर महिन्यात नांगर चालवताना उंदराचं घरटं उकरलं गेलं त्यावरची. त्यात तो त्या बिचाऱ्या उंदराला म्हणतो की तुला आता घर नाही, दार नाही, 'टू थोल द विंटर्स स्लीटी ड्रिबल', हिवाळ्याची ती बर्फमिश्रित रिपरिप कशी सोसशील. इथे एंड्युअर घालून बघा, उंदीर एकदम सैनिक होईल. टॉलरेट घातला तर उंदीर सोसायटीचा सेक्रेटरी वाटेल. थोलच पाहिजे. भाची म्हणते की ग्लासगोच्या डिसेंबरात दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो आणि आडवा पाऊस लागतो, तेव्हा हा शब्द अर्थ न सांगता कळतो.

पण तिचा या शब्दावर रागही आहे आणि मला तो पटतो. ती म्हणते की मावशी तू फार हळवी होऊ नकोस, 'यू'ल जस्ट हॅव टू थोल इट' हे वाक्य तिकडे सांत्वन म्हणून कमी आणि तोंड बंद करायला जास्त वापरतात. त्यांची एक म्हणच आहे, जो थोलतो तो जिंकतो. मी म्हटलं आमच्याकडे पण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ती म्हणाली, हो ना, आणि घाव घालणारा कोण असतो ते कुणी विचारत नाही. यावर मी गप्प. कारण 'सोशिक' हे विशेषण आपण कुणाला लावतो ते मला माहितीय. पुरुषाला सोशिक म्हटलेलं मी फार कमी ऐकलंय, सून मात्र सोशिक पाहिजे असते, आणि एकदा का बाईला सोशिक म्हटलं की तिनं कुरकुर करायची सोय संपली. तुकोबांचं 'आलिया भोगासी असावे सादर' सुद्धा पुढच्या 'देवावरी भार घालूनिया' सकट म्हणायचं असतं, नुसतं सादर राहा एवढंच लोक सांगतात, भार कुणावर तरी घालायचा आहे हे विसरतात.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. फोन संपता संपता तिनं सहज विचारलं, तुझा उजवा हात कसा आहे, दिवाळीत वरच्या फळीवरचा डबा डाव्या हातानं काढत होतीस. मी म्हटलं, सोसवतंय. पलीकडे शांतता. मग तिनं व्हिडिओ कॉल लावून हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, आणि जे बोलली ते इथे लिहीत नाही. फ्रोझन शोल्डर आहे. सध्या सकाळ-संध्याकाळ भिंतीवर बोटं चालवतेय, खिडकीच्या गजापर्यंत पोचली होती काल.

आता मला यातला सगळ्यात जास्त आवडलेला भाग. ग्रिम, ते परीकथावाले दोन भाऊ, त्यातल्या याकोबनं 1822 मध्ये एक नियम मांडला होता. संस्कृत, लॅटिन, ग्रीकमध्ये जिथे शब्दाच्या सुरुवातीला त असतो तिथे इंग्लिशच्या घराण्यात थ होतो. तीन आणि थ्री. तनु आणि थिन. तृष्णा, म्हणजे आपली तहान, आणि थर्स्ट. तू आणि त्यांचा जुना दाऊ, जो यॉर्कशायरमध्ये अजून 'था' म्हणून ऐकू येतो. मग थोलच्या थ चा त केला तर काय मिळतं? तोल. आणि तो नुसता योगायोग नाहीये, खरंच नातं आहे. मूळ धातूचा अर्थ उचलणे, पेलणे. संस्कृतात त्याचं तुल् झालं, म्हणजे उचलून वजन बघणे, त्यावरून तुला, तुलना, आपलं तोलणे, तोल जाणे, तोलामोलाचा. लॅटिनमध्ये त्याचंच टॉलरेट झालं, म्हणजे थोल आणि टॉलरेट चुलत बहिणी, एक गावात राहिली आणि एक शिकून साहेबीण होऊन परत आली. ग्रीकमध्ये तराजूला आणि वजनाला टॅलंटन, त्यावरून टॅलंट. जर्मनमध्ये गेडुल्ड, धीर, हे पुण्यातल्या जर्मन शिकणाऱ्या निम्म्या पोरांना माहीत असेलच.

आणि आपला तोळा! सोन्याचा! तोही याच कुटुंबातला. म्हणजे ग्लासगोचा म्हातारा खांदा धरून थोल म्हणतो आणि डोंबिवलीत सराफाच्या दुकानात आपण तोळ्याचा भाव विचारतो, आणि दोन्ही शब्द कुठल्यातरी एकाच विसरलेल्या पणजीचे.

अजून एक आहे. आजोळच्या घरात माजघरावर एक काळी पडलेली जाड तुळई होती, तिला आम्ही लहानपणी झोके बांधायचो. संस्कृतात तुला म्हणजे नुसता तराजू नाही, घराचं आडवं तुळवट सुद्धा, त्यावरून तुळई. सगळं छप्पर जिच्यावर असतं ती. तिला कोण विचारतं दहापैकी किती म्हणून. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, मावशी, तुळईला पण वाळवी लागते, व्यायाम कर.

मला हे उचलणं-तोलणं-सोसणं एकात एक असण्याचं फार अप्रूप वाटतंय खरं. कारण तो पेशंट आकडा का सांगत नाही याचं थोडं उत्तर त्यात आहे. ओझं किती हे ज्यानं उचललंय त्यालाच कळतं, बाहेरून काटा लावून नाही कळत. पण यावर फार लिहिलं तर भाची ओरडेल, तिला आकडा पाहिजे असतो.

डिक्शनऱ्या या शब्दाला आर्केइक, म्हणजे जुनापुराणा, म्हणतात, नाहीतर बोलीतला म्हणतात. यावर मला जरा बोलायचंय. ज्या शब्दात लोक रोज आपलं दुखणं सांगतात तो आर्केइक कसा? आर्केइक म्हणजे इतकंच की डिक्शनरी जिथे लिहिली जाते तिथे तो ऐकू येत नाही. जोसेफ राइट नावाच्या माणसाला हे पक्कं माहीत असणार. यॉर्कशायरचा, जन्म 1855 चा, सहा वर्षांचा असताना दगडाच्या खाणीत गाढवाची गाडी हाकायला लागला, मग सॉल्टेअरच्या गिरणीत भरलेल्या बॉबिन बदलायच्या कामावर, आणि पंधरा वर्षांचा होईपर्यंत लिहितावाचता येत नव्हतं. नंतर रात्रशाळा, जर्मनी, हायडेलबर्गची डॉक्टरेट, आणि शेवटी ऑक्सफर्डला प्रोफेसर, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनला शिकवलेला. या माणसानं इंग्लिश बोलींचा सहा खंडांचा कोश काढला, 1898 ते 1905. म्हणजे ज्या बोलण्याला शाळेत छडी मिळाली असती ते बोलणं त्यानं सहा खंडांत बसवून ऑक्सफर्डच्या कपाटात ठेवलं. मला तर त्याचा फोटो फ्रेम करावासा वाटतोय.

आणि 'मेलेला' शब्द कोर्टात पण चालतो बरं का. स्कॉटलंडच्या कायद्यात 'थोल्ड ॲसाइझ' असा बचाव आहे. ॲसाइझ म्हणजे खटला. ज्यानं एकदा आपला खटला थोललाय, निकालापर्यंत सोसलाय, त्याला त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा उभं करता येत नाही. अँगस सिंक्लेअर नावाच्या माणसावर 1977 मधल्या दोन मुलींच्या खुनाचा खटला 2007 साली चालला आणि पुरावा पुरेसा नाही म्हणून कोसळला. झालं, त्यानं आपला ॲसाइझ थोलला होता, पुन्हा हात लावता येईना. लोक प्रचंड चिडले, 2011 मध्ये कायदा बदलला, नवा भक्कम पुरावा असेल तर अपवाद करता येईल असं ठरलं, आणि 2014 मध्ये पुन्हा खटला होऊन त्याला जन्मठेप झाली, किमान 37 वर्षं आत. खुनांना तेव्हा तेवढीच वर्षं झाली होती. इथे 'सोसलं' कुणी हे मात्र शब्द चुकीच्या माणसाबद्दल सांगतो, असं मला वाटून गेलं.

वापरायचा कसा म्हणाल तर, दुखणं, थंडी, दुःख, उपाशीपोट, हे सगळं थोलता येतं. माणूसही थोलतात, पण ते बहुतेक नकारातच, 'आय कॅने थोल हिम', मला तो सोसवत नाही, डोळ्यासमोर नको. आनंदाची गोष्ट थोलत नाहीत. आपलं 'मला दूध सोसत नाही' वालं सोसणं, म्हणजे मानवणं, ते मी भाचीला विचारलं, ती म्हणाली मी तरी ऐकलं नाही, दुधासाठी त्यांना डॉक्टरी शब्द लागतो. आमच्या घरात आता थोलणे हे क्रियापद सुरू झालंय. लाइट गेले की नवरा म्हणतो, थोला. परवा लोकलमध्ये दिवा स्टेशनला माझ्या पायावर एक अख्खी ट्रॉली बॅग आली तेव्हा तोंडातून निघणार होतं, पण 'अहो बॅग' एवढंच निघालं.

एक वापर मात्र मला नवीन होता. थोलचा आणखी एक जुना अर्थ आहे, 'अजून जागा आहे', 'अजून घेईल'. 'वुड थोल अमेंड्स' म्हणजे सुधारणेला वाव आहे. आपण पीठ मळताना म्हणतो ना, अजून पाणी घेईल हे, तसं काहीसं.

मंगळवारी अंगारकी होती. एका हातानं, म्हणजे दीड हातानं, अकरा मोदक केले, फोटो काढून पाठवला. दोन तास काही नाही, पेशंट असतील म्हटलं. मग उत्तर आलं, द कळ्या वुड थोल अमेंड्स.